पेन्सिलीने हुबेहूब चेहरा: रविवारच्या बैठकीला येणारे वारंवार विचारतात ते प्रश्न

पुण्यात रविवारी सकाळी आम्ही काही हौशी माणसं एकत्र बसून ग्राफाइट पेन्सिलीने व्यक्तिचित्रं काढतो. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी कॉलेजात, कोणी दवाखाना सांभाळून येणारं. नवे येणारे तेच ते प्रश्न पाठवतात, आणि जुनेही अधूनमधून तेच विचारतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं आमच्या गटात चालणाऱ्या पद्धतीची आहेत. दुसऱ्या पद्धती चूक आहेत असं म्हणणं नाही. एकदोन ठिकाणी मात्र आहे, आणि तिथे तसं सरळ लिहिलंय.

१. चित्रकलेचा गंधही नाही. आलं तर चालेल का?

चालेल. सही करण्याइतका हात स्थिर असला की पुरे. खरी अडचण बघण्याची असते. डोळा म्हटलं की आपण बदामासारखा आकार आणि त्यात गोल टिकली काढून मोकळे होतो, मग समोरच्याचा डोळा कसाही असो. ही सवय मोडण्यात सुरुवातीच्या बैठका जातात. तोवर नव्या माणसाला आम्ही चेहरा देतच नाही. आधी पांढरं अंडं, मग चुरगळलेला कागद, मग प्लास्टरचं नाक. कंटाळा येतो, हे मान्य. पण गालाची गोलाई अंड्यावर आधी शिकून झालेली असली की चेहऱ्यापाशी आल्यावर निम्मी भीती गेलेली असते.

२. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली होती. त्याचा उपयोग होईल?

वस्तुचित्र-स्थिरचित्राचा होईल. तांब्याची गोलाई, टेबलावर पडलेली सावली, उजेड एकाच बाजूने धरायची शिस्त, हे सगळं इथे कामी येतं. स्मरणचित्र मात्र आड येतं. बाजार, पाणवठा, बसस्टॉप मनाने काढताना माणसांचे चेहरे एका ठरावीक साच्यातून उतरायचे, आणि तो साचा कित्येक वर्षांनीही हातातून बाहेर पडतो. 'ए' ग्रेड मिळवलेल्यांना हे ऐकायला आवडत नाही.

३. सुरुवातीला काय काय विकत घेऊ?

चोवीस पेन्सिलींचा पत्र्याचा डबा घेऊ नका. २एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी एवढ्या पाच पेन्सिलींत वर्षभर काम होतं (एच म्हणजे कठीण आणि फिकट, बी म्हणजे मऊ आणि काळी, एचबी मधली; आकडा वाढला की तो गुण वाढतो). सोबत साधा पांढरा खोडरबर, मळता येणारा पुटी रबर, एक कटर, आणि ए-३ कागद मावेल असा लाकडी बोर्ड क्लिपसकट.

शार्पनरपेक्षा कटर बरा. कटरने लाकूड लांब तासून शिसं बोटाच्या पेरभर उघडं ठेवलं की त्याची आडवी कूसही वापरता येते आणि टोकही. ते टोक बारीक सॅंडपेपरवर फिरवून घ्यायचं. हे काम बाल्कनीत करा. ग्राफाइटची भुकटी फरशीवर पडली की पायाने घरभर होते आणि मग छंद बंद व्हायची वेळ येते.

पापण्या, भुवया, दाढीचे खुंट यांना पुढे ०.५ किंवा ०.३ मिलिमीटरची लीडची पेन्सिल उपयोगी पडते. पहिल्या दिवशी तिची गरज नाही.

४. अप्सरा-कॅमलिन-डोम्स चालेल, की जर्मनच पाहिजे?

शिकताना आपल्या पेन्सिली उत्तम चालतात. आमच्या भिंतीवरची चांगली चित्रं याच पेन्सिलींची आहेत. स्टेडलरची मार्स ल्युमोग्राफ किंवा फाबर-कास्टेलची ९००० घेतलीत तर प्रत्येक नंबरातला फरक जास्त एकसारखा मिळतो आणि शिसं कागदावर मऊ सरकतं. कोणत्याही पेन्सिलीत खरखरीत कण लागला तर ती बाजूला ठेवा. तिने कोवळ्या गालावर ओरखडा पडतो आणि तो कधीच जात नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्राफाइटमध्ये चिकणमाती किती मिसळली यावर पेन्सिलीचा कठीणपणा ठरतो. निकोला-जाक काँते याने १७९५ साली फ्रान्समध्ये हीच युक्ती काढली. पण हे प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. एकाची ४बी दुसऱ्याच्या २बीइतकीच काळी असू शकते. म्हणून एका चित्रात शक्यतो एकाच कंपनीचा संच वापरा.

५. कागद कोणता?

सरावाला १३० ते १५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, साधा ड्रॉइंगचा कागद. पूर्ण करायच्या चित्राला २०० जीएसएमच्या वरचा, गुळगुळीत पण अगदी काचेसारखा नाही असा. ब्रिस्टल चांगला. दुकानात 'आयव्हरी शीट' मिळते, तीही बरेच जण वापरतात. तिच्यावर बारकावे छान येतात, पण थर लवकर भरतात आणि चौथ्या-पाचव्या थरानंतर पेन्सिल नुसती घसरायला लागते. जलरंगाचा दाणेदार कागद चेहऱ्याला नको, सगळ्यांना देवीचे व्रण आल्यासारखे दिसतात.

आकार ए-३ धरा आणि डोकं साधारण १५ ते १८ सेंटिमीटर उंचीचं ठेवा. ए-४ वर अर्धं अंग काढायला गेलात तर अख्खा डोळा काही मिलिमीटरचा होतो, आणि त्यात वरच्या पापणीची जाडी दाखवायला जागाच उरत नाही.

६. रविवारी नेमकं काय होतं?

खुर्ची उत्तरेच्या खिडकीपाशी मांडतो, कारण तिथे ऊन थेट येत नाही आणि सावल्या तासाभरात सरकत नाहीत. ट्यूबलाइट बंद. बसायची पाळी गटातल्याच माणसांची असते; बाहेरचं कोणी तयार झालं तर चहा-पोहे आणि शेवटी त्यातलं एक चित्र त्यांना. २० मिनिटं बसायचं, ५ मिनिटं मोकळं. खुर्चीच्या पायांभोवती आणि बसणाऱ्याच्या चपलांभोवती खडूने रेघ मारतो. नजर कुठे ठेवायची तेही ठरतं: समोरच्या कॅलेंडरवरची एक तारीख.

पहिल्या २० मिनिटांत डोळे काढायचे नाहीत, हा आमचा एकमेव कडक नियम. डोक्याचा एकूण आकार, मानेचा कल, केसांची हद्द आणि उजेड-सावलीची सीमा, एवढंच. कोणी हळूच पापणी काढायला लागलं की शेजारचा खाकरतो. शेवटी सगळे बोर्ड भिंतीला टेकवून ओळीने लावतो आणि लांबून बघतो. त्या बघण्याचे नियम प्रश्न १६ मध्ये.

७. समोर माणूस बसवूनच काढायचं का? फोटोवरून काढलं तर काय बिघडतं?

काही बिघडत नाही. बारकाव्यांसकट पूर्ण केलेलं ए-३ चित्र सहज २० ते ४० तास खातं, आणि एवढा वेळ कोणीही बसून राहणार नाही. आम्ही रविवारी माणसावरून शिकतो आणि घरी फोटोवरून चित्रं पूर्ण करतो.

मात्र फोटो चांगला हवा, आणि तो तुम्हीच काढलात तर सोन्याहून पिवळं. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. कॅमेरा नाकाला कानापेक्षा बराच जवळ असतो, म्हणून असं होतं. दीड-दोन मीटर मागे जा आणि दुप्पट झूम करा. फ्लॅश बंद, कारण समोरून उजेड मारला की सावल्या जातात आणि सावल्यांशिवाय नाकाला उंची राहत नाही. माणसाला खिडकीशेजारी उभं करा. चेहरा गुळगुळीत करणारा मोबाइलमधला फिल्टर बंद केलाय ना, हे दोनदा तपासा. काही मोबाइलमध्ये तो न सांगता चालू असतो.

८. चेहऱ्याची मापं कशी लक्षात ठेवू?

मोठ्या माणसाचा, समोरून बघणारा, सरळ धरलेला चेहरा असेल तर ढोबळ मापं अशी. डोळ्यांची रेषा डोक्याच्या बरोबर मध्यावर येते (केसांसकट टाळूपासून हनुवटीपर्यंत). बहुतेक नवे लोक डोळे वर काढतात, कारण कपाळ आणि डोकं त्यांना रिकामी जागा वाटते. डोक्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांइतकी, आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याची जागा. भुवयांपासून हनुवटीपर्यंतच्या मध्यावर नाकाचा तळ. नाकाच्या तळापासून हनुवटीपर्यंत तीन भाग केले तर पहिल्या भागाच्या शेवटी ओठांची फट. कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान.

ही मापं पाठ करा आणि मग ती फक्त तपासायला वापरा. समोरचा माणूस यापेक्षा कुठे वेगळा आहे हे शोधायचं असतं. याच मापांत त्याला बसवलात तर पासपोर्ट ऑफिसच्या रांगेतला कोणीतरी तयार होतो. मान वर किंवा खाली झाली की सगळी मापं बदलतात. माणूस खाली बघत असेल तर कान डोळ्यांच्या तुलनेत वर सरकलेले दिसतात, वर बघत असेल तर खाली. लहान मुलांचं वेगळं आहे, प्रश्न १८ बघा.

९. ग्रिड मारणं किंवा ट्रेस करणं म्हणजे फसवणूक ना?

या एका प्रश्नावर गटात आतापर्यंत सगळ्यात जास्त चहा गार झालाय. माझं मत: भेट द्यायच्या चित्राला ग्रिड खुशाल वापरा. फोटोवर २ सेंटिमीटरचे चौकोन, कागदावर ४ चे, झालं दुप्पट. रेघा एचबीने हलक्या हाताने मारा. २एचने दाबून मारलेली रेघ कागदात चर पाडते आणि वरून कितीही शेडिंग केलं तरी ती पांढरी डोळ्यात भरते.

शिकताना मात्र प्रत्येक वेळी ग्रिड नको. चौकोनात काय आहे तेवढंच बघायची सवय लागते, आणि माणूस समोर बसला की हात थिजतो. मधला मार्ग असा: चौकोन दर चित्रागणिक मोठे करत जा, शेवटी फक्त एक उभी आणि एक आडवी रेघ उरू द्या.

ट्रेसिंग आम्ही उलट्या क्रमाने करतो. आधी नजरेने काढा, मग फोटोचं ट्रेसिंग त्यावर ठेवा आणि चूक कुठे झाली ते बघा. बहुतेकांची चूक दर वेळी एकाच जागी असते.

१०. सगळं मापात आहे, डोळे सुंदर जमलेत, तरी 'तो' दिसत नाही. काय चुकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर लांब आहे.

साम्य डोळ्यांच्या चकाकीत असतं असं सगळ्यांना वाटतं. करून बघा: ओळखीच्या माणसाचा फोटो इतका धूसर करा की डोळे म्हणजे दोन काळपट डाग राहतील. तरी तुम्ही त्याला ओळखता. रस्त्यात पन्नास पावलांवरूनही ओळखता, तेव्हा पापण्या कुठे दिसतात? ओळख पटते ती डोक्याचा आकार, जबड्याची रुंदी, मानेची ठेवण आणि डोळे-नाक-तोंड यांच्यावरचे काळे-पांढरे डाग एकमेकांपासून किती दूर आहेत यावरून. ते चुकलं असेल तर पापण्यांवर घालवलेले चार तास फुकट.

तपासायच्या जागा, आमच्या अनुभवातल्या क्रमाने: नाकाचा तळ ते वरचा ओठ, हे अंतर बहुतेक वेळा जास्त होतं. भुवई आणि वरची पापणी यांतलं अंतर. तेही जास्त होतं आणि माणूस दचकल्यासारखा दिसतो. मग टाळू, ती कापली जाते. मग दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि ओठांच्या मध्याचा बिंदू यांचा त्रिकोण, तो कागदावर आणि फोटोवर पट्टीने जोडून बघा.

त्यानंतर येतो सरळपणाचा रोग. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, पण हात तो सारखा करत सुटतो. एका रविवारी एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांचं तोंड डावीकडे किंचित खाली उतरतं, जेमतेम दोन मिलिमीटर. जवळजवळ सगळ्यांनी ओठ आडवे सरळ काढले. एका मुलीने ते तेवढे उतरवले. तिचं नाक चुकलं होतं, कानही जरा मोठा झाला होता, पण न्यायला आलेल्या मास्तरीणबाईंनी दारातूनच तिच्या बोर्डाकडे बोट केलं.

चूक स्वतःला दिसत नाही, कारण तासभर तेच बघून डोळे सरावतात. चित्र आरशात बघा, उलटं धरा, मोबाइलवर फोटो काढून लहान करून बघा. आणि शेजाऱ्याला विचारा. एकत्र बसण्याचा खरा फायदा हाच, बाकी चहा घरीही मिळतो.

११. शेडिंग सपाट तरी होतं, नाहीतर मळकट. का?

सपाट होतं कारण सगळं मधल्या राखाडीत अडकलेलं असतं. गडद करायची भीती वाटते. कागदाच्या कडेला पाच चौकोन काढा: पहिला कोरा, शेवटचा तुमच्या ६बीचा सगळ्यात काळा, मध्ये तीन पायऱ्या. मग डोळे किलकिले करून चेहऱ्याकडे बघा आणि नाकपुडीचं भोक, ओठांची फट, कानामागची सावली या पाचव्या चौकोनाइतक्या काळ्या आहेत का ते मिळवून पाहा. फोटो असेल तर तो मोबाइलवर कृष्णधवल करून घ्या.

मळकट होतं ते घाईने. मऊ पेन्सिलीने एकदम दाबण्याऐवजी एचबी किंवा २बीचे हलके थर, प्रत्येक थराची दिशा थोडी वेगळी, गालाच्या वळणाने. सावलीच्या आतही उजेड परत फिरून येतो, जबड्याखाली पांढऱ्या सदऱ्यावरून आलेला उजेड नीट बघा. पण तो कितीही उजळ वाटला तरी उजेडाच्या बाजूपेक्षा गडदच ठेवायचा. हे एक पाळलं की निम्मी मळकट चित्रं सुधारतात.

१२. बोटाने घासलं तर?

नको. हे त्या 'चूक आहे' ठिकाणांपैकी एक. बोटाचं तेल कागदात मुरतं आणि दोन थरांनंतर तिथे डाग वर येतो, जो खोडरबराने निघत नाही. कागदाचा स्टंप (घट्ट गुंडाळलेली टोकदार कांडी), टिश्यू किंवा मऊ ब्रश वापरा, तोही बेताने. सगळा चेहरा घासून गुळगुळीत केला की मेणाचा पुतळा होतो. घासून झाल्यावर वरून पुन्हा पेन्सिलीचा एक थर द्या, म्हणजे कातडीचा पोत परत येतो. मे महिन्यात हाताला घाम येतो तेव्हा तळव्याखाली कोरा कागद ठेवाच. डावखुऱ्यांनी उजवीकडून डावीकडे काम करत यावं, म्हणजे हात भरलेल्या भागावरून फिरत नाही.

१३. ६बीने कितीही दाबलं तरी काळं होत नाही, उलट चमकतं.

ग्राफाइटचा तो स्वभाव आहे. त्याचे कण चपट्या पापुद्र्यांचे असतात. दाबलं की ते कागदावर आडवे निजतात आणि उजेड परावर्तित करतात. जितकं दाबाल तितकं चमकेल. उपाय: ४बीचे अनेक हलके थर, मध्ये कागदाचा दाणा भरू न देता. काळेभोर केस किंवा काळा कोट असेल तर त्या भागात कार्बन किंवा चारकोल पेन्सिल घ्या. मात्र ती आधी घ्या. गुळगुळीत झालेल्या ग्राफाइटवर चारकोल धरत नाही. स्टेडलर आणि फाबर-कास्टेल दोघांनीही कमी चमकणाऱ्या पेन्सिली काढल्या आहेत, पण साध्यांपेक्षा महाग पडतात.

चित्राचा फोटो काढताना उजेड समोरून न देता दोन्ही बाजूंनी तिरका द्या.

१४. डोळे, केस, दात यांची काही युक्ती?

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, तो गोळा आहे. त्याला कडेने राखाडी द्या, आणि वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते ती विसरू नका. कोरा कागद फक्त चकाकीच्या ठिपक्याला. पापण्यांचे केस मुळाशी जाड, टोकाला बारीक आणि वळलेले. फटकाऱ्याने काढा, मोजत बसू नका.

केस आधी एकगठ्ठा वस्तू म्हणून शेड करा: कुठे उजेड, कुठे सावली. मग पुटी रबराला धार देऊन उजळ बटा उचला, शेवटी कडेचे चार-दोन सुटे केस. तेल लावून चापून बसवलेले केस सोपे असतात, नुकतेच धुतलेले कठीण.

दातांमध्ये रेघा मारायच्या नाहीत. हिरड्यांचे कोपरे आणि दातांच्या खालच्या कडांची सावली एवढंच दाखवा. रेघा मारल्या की कंगवा होतो.

१५. सावळा रंग पेन्सिलीत कसा दाखवायचा? सगळं काळंच होतं.

मध्यम राखाडी थर चेहराभर देऊन सुरुवात करा आणि तिथून दोन्हीकडे जा. सावळ्या कातडीवर चकाकी जास्त ठसठशीत दिसते, कारण तिच्या आजूबाजूची छटा गडद असते. गोऱ्या गालावर तीच चकाकी विरघळून जाते. म्हणून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड आणि खालचा ओठ इथले उजेड स्वच्छ ठेवा, हवं तर रबराने उचला. सावल्या ६बीने बुजवू नका, २बीचे थर देत जा, म्हणजे आतला आकार दिसत राहतो. केस आणि कपाळ एकमेकांत मिसळत असतील तर पार्श्वभूमीला हलकी छटा द्या.

"जरा उजळ काढा हं" अशी फर्माईश येते, विशेषतः लग्नाच्या भेटीसाठी. आम्ही ऐकत नाही. छटा खोटी केली की आकारही खोटा होतो, आणि मग 'तो' दिसत नाही ही तक्रार घेऊन तेच लोक येतात.

१६. दुसऱ्यांच्या चित्राबद्दल काय बोलायचं? मला भीड वाटते.

"मस्त", "भारी", "अप्रतिम" हे शब्द भिंतीपाशी बंद आहेत. त्यांनी कोणाचं काही सुधारत नाही. आधी चित्र काढणारा सांगतो की त्याला कुठे खटकतंय. मग बाकीचे, आणि तेही जागा दाखवून: "नाक आणि ओठ यांतलं अंतर जास्त वाटतंय", "डावा कान खाली गेलाय". एका वेळी दोनच मुद्दे. दुसऱ्याच्या कागदावर पेन्सिल टेकवायची नाही. दाखवायचंच असेल तर वर बटर पेपर ठेवून त्यावर दाखवा. वय, हुद्दा, किती वर्षांचा अनुभव, हे चप्पल-स्टँडपाशी. काकांच्या चित्रातला चुकलेला जबडा कॉलेजातल्या पोराने दाखवला तर काकांनी पट्टी काढून मोजायचं, एवढंच.

बसलेल्या माणसासमोर त्याच्या नाकाबद्दल हळू बोला.

१७. आजोबांचा एकच फोटो आहे, तोही पुसट, ग्रुप फोटोतला. होईल का?

कधीकधी. चेहरा अंगठ्याएवढा असेल तर साम्याची खात्री कोणी देऊ नये. फोटो मोठा आणि स्पष्ट करून देणारी ॲप्स आहेत, पण ती हरवलेले बारकावे परत आणत नाहीत, स्वतःचे नवे घालतात. डोळे सुंदर होतात आणि आजोबांचे राहत नाहीत. त्यापेक्षा मूळ फोटो चांगल्या उजेडात पुन्हा स्कॅन करा. घरातल्या इतर माणसांत कोणाचा जबडा, कोणाचे कान आजोबांवर गेलेत ते विचारा आणि त्या माणसाला तशाच उजेडात बसवून अभ्यास-चित्र काढा. आजींना कच्चं रेखाटन दाखवा. "कपाळ अजून मोठं होतं", असं एक वाक्य दहा ॲप्सपेक्षा मोलाचं.

जे दिसत नाही ते धूसरच सोडा. फोटोवर शिक्का आला असेल तर त्याखालचा भाग अंदाजाने रेखीव करू नका.

१८. लहान मुलांचे चेहरे म्हातारे का होतात?

मापं मोठ्यांची लागतात म्हणून. बाळाचे डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या खाली येतात. कपाळ मोठं, नाक-तोंड-हनुवटी खालच्या थोड्या जागेत. शिवाय रेघा जास्त होतात. नाकाशेजारची एक रेघ तान्ह्याला चाळिशीत नेऊन ठेवते. कडा मऊ ठेवा, ४बी फक्त डोळ्यांत आणि नाकपुड्यांत. म्हाताऱ्या माणसांचं उलट वाटतं, पण तिथेही सुरकुती रेघेने काढू नका. तिला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते.

१९. चष्मा आणि नथ नेहमी बिघडते.

चष्म्याच्या भिंगातून दिसणारी चेहऱ्याची कड बाहेरच्या कडेशी जुळत नाही. जवळचं दिसणाऱ्याच्या, म्हणजे मायनस नंबरच्या चष्म्यात ती आत सरकते आणि डोळेही लहान दिसतात. जसं दिसतं तसं तुटक काढा, जोडू नका. फ्रेमची गालावर पडलेली सावली विसरलात तर चष्मा हवेत तरंगतो. नथीचे मोती म्हणजे छोटी अंडी: एक चकाकी, एक सावली, खालून परतलेला उजेड. सगळे सारखे काढू नका, पुढचे दोन नीट आणि बाकीचे सूचक.

२०. शिवाजी महाराजांचं हुबेहूब चित्र काढायचंय. कोणता फोटो वापरू?

फोटो नाही, तेव्हा छायाचित्रणच नव्हतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली दख्खनी शैलीची लघुचित्रं आहेत, त्यांवरून नाकाचं वळण, दाढी, शिरोभूषण समजतं. पण त्या शैलीत एका बाजूने पडणारा उजेड दाखवत नाहीत, त्यामुळे गालाची गोलाई त्यात शोधून मिळणार नाही. बाजारातली चित्रं एकमेकांवरून उतरवलेली असतात, त्यांवरून पुन्हा उतरवलं तर चुकाही उतरतात. तशी चेहरेपट्टी असलेला माणूस उजेडात बसवा आणि लघुचित्रातली कड राखून छायाप्रकाश त्याच्यावरून घ्या. ते चित्र तुमच्या कल्पनेतलं आहे हे मान्य करूनच काढा. लोकमान्य टिळकांचं तसं नाही, त्यांचे फोटो आहेत. त्यांचं चित्र मापाला उतरलंच पाहिजे.

२१. मूळ चित्रं कुठे बघायला मिळतील?

स्क्रीनवर बघून छटा कळत नाहीत. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. चेहरा तोच ठेवून ठेवण कशी बदलली, हे त्यांच्यासमोर उभं राहून बघा. सातारा जिल्ह्यात औंधचं श्री भवानी संग्रहालय. पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो शावियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं. हे सगळं पेन्सिलीचं नाही, पण छायाप्रकाशाला माध्यमाची अडचण नसते. आजच्या चित्रकारांपैकी वासुदेव कामत यांचं काम बघा. २००६ साली त्यांना अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड पुरस्कार मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्राला.

२२. पावसाळ्यात चित्र कसं टिकवू? स्प्रे मारू का?

फिक्सेटिव्हचा, म्हणजे ग्राफाइट कागदावर धरून ठेवणारा स्प्रे मारायचा तर कोरड्या दिवशी, बाल्कनीत, साधारण फूटभर अंतरावरून, एका जाड थराऐवजी दोन-तीन पुसट. आधी रद्दी कागदावर मारून बघा, कारण पहिला फवारा थेंब टाकतो. चित्र किंचित गडद होतं, चमक जराशी कमी होते, आणि नंतर खोडता येत नाही. स्वयंपाकघराजवळ नको, तो पेट घेतो. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच; नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

२३. नटाच्या फोटोवरून काढलेलं चित्र विकता येईल? आणि ऑर्डरचं चित्र कोणाच्या मालकीचं?

फोटोचा कॉपीराइट सहसा फोटोत दिसणाऱ्याचा नसतो, फोटो काढणाऱ्याचा किंवा ज्याने पैसे देऊन काढून घेतला त्याचा असतो. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर फोटोला काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. घरी सरावाला काढणं वेगळं. विकायचं असेल तर परवानगी घ्या किंवा फोटो स्वतः काढा.

दुसरी गोष्ट बहुतेकांना धक्का देते. याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे त्या चित्राच्या प्रती तुम्हाला विकायच्या असतील, तर ते आधी लिहून घ्यायला हवं. व्हॉट्सॲपवर मोघम "चालेल ना?" म्हणण्यापेक्षा दोन ओळींचा कागद करा. मोठा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवा.

२४. ऑर्डर दिलेली मंडळी चित्र बघून "सारखं नाही वाटत" म्हणाली तर?

शेडिंगच्या आधी नुसतं रेखाटन दाखवून होकार घ्या, आणि तो घरातल्या एकाच माणसाकडून. पाच जणांना विचारलं तर पाच वेगळे आजोबा निघतात. निम्मे पैसे त्या टप्प्यावर. नंतर तक्रार आलीच तर प्रश्न १० मधली अंतरं त्यांच्यासमोर फोटोवर आणि चित्रावर मोजा. तुमची चूक निघाली तर दुरुस्त करा, ते पैशांत धरलेलं असावं. चूक निघाली नाही आणि तरी "डोळे जरा मोठे करा, वजन जरा कमी करा" सुरू झालं, तर ते दुसरं चित्र आहे आणि त्याचे पैसे वेगळे.